इव्हेंट, डेलिगेट आणि काकूंची यादी

'डेलिगेट' हा शब्द आजही कानावर पडला की माझं डोकं सणकतं. 'इव्हेंट'ने थोडं कमी सणकतं, पण सणकतं. या दोन शब्दांनी माझ्या एकेचाळिसाव्या वर्षातला अख्खा उन्हाळा खाल्ला. नागपूरचा उन्हाळा तसाही माणसाला खातोच, पण त्याचा राग कोणावर काढणार? या शब्दांवर काढता येतो.

अकरा वर्षं घरी बसल्यावर मला नोकरी लागली होती. पक्की नाही, तीन महिन्यांच्या बोलीवर. वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनच्या डोक्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन सात-आठ जणांनी सॉफ्टवेअरचा धंदा मांडला होता. गोडाऊनवाल्यांसाठीच प्रोग्राम लिहायचे. गाडी कधी आली, कोणत्या फलाटावर लागली, माल केव्हा उतरला. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "मॅडम, मेअखेरपर्यंत पाहू. जमलं तर तुम्ही आमच्या. नाही जमलं तर वाईट वाटून नका घेऊ. आणि हो, या तीन महिन्यांत सुट्टी मात्र नाही." वाईट वाटून नका घेऊ म्हणे. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन आणि नवऱ्याची फिरतीची नोकरी दोन्ही एकदम आलं, म्हणून मी हातची नोकरी सोडली होती. त्यानंतरची अकरा वर्षं मी लोकांच्या पोरांना घरी गणित शिकवत काढली. ही नोकरी गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती, हे मला आरशात स्वच्छ दिसत होतं.

घरी या नोकरीचं स्वागत कसं झालं तेही सांगते. सासूबाईंनी ऐकलं, हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "मंग पाणी कोण भरणार?"

हा प्रश्न आमच्याकडे उगाच नाही. आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, हुडकेश्वरच्याही पुढे. घरं आधी आली, रस्ता मागून आला, नळ अजून यायचा आहे. पाणी टँकरचं, एक दिवसाआड. वेळ विचाराल तर ड्रायव्हरलाही ठाऊक नसते. सकाळी नऊ ते दुपारी तीन, केव्हाही. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबतो, एकदा हॉर्न देतो आणि ज्या फाटकाशी माणूस उभा आणि ड्रमचं झाकण उघडं दिसेल तिथे पाइप टाकतो. माणूस नसला तर पुढचं घर. दारोदार हाका मारणं हे त्याचं काम नाही.

म्हणून गल्लीने एक सोय करून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या घरात एक काकू राहतात. टँकर पहिल्यांदा त्यांना दिसतो. त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी, जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं टांगलेलं असतं. त्याच्या कोऱ्या पाठीवर, ज्यांना टँकरची खबर हवी त्यांचे मोबाइल नंबर. टँकर दिसला की काकू वरून खाली एकेकाला मिस कॉल देतात. दोन रिंग. उचलायचा नाही. उचलला तर दुसऱ्या दिवशी चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागतात. एका घरचा एकच नंबर. रिंग वाजल्यावर तुम्ही स्वतः धावता, मुलाला पिटाळता की शेजारणीला सांगता, त्याच्याशी काकूंना देणंघेणं नाही. आमच्या घरचा नंबर सासूबाईंचा होता. सात वर्षं दोन रिंगा वाजल्या की त्या हातातलं काम टाकून फाटकाशी जायच्या.

"बाबा आहेत ना घरी," मी सासऱ्यांबद्दल म्हटलं.

"त्यांना ऐकू येते काय? कूलरच्या आवाजात ढगफुटी झाली तरी उठत नाही तो माणूस. म्हणजे मीच. तू हापिसात, पोरगी कॉलेजात, नवरा तुझा गोंदिया-चंद्रपूर करून राहिला, आन मी काय मोलकरीण आहो काय या घरची?"

मी पण काही कमी बोलले नाही. अकरा वर्षांचं साचलेलं एका दुपारी बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी त्या बॅग भरून अमरावतीला धाकट्या दिरांकडे निघून गेल्या. रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या, "पाहू, किती दिवस चालते." मला नाही, रिक्षावाल्याकडे पाहून.

तर अशा रीतीने मी कामावर रुजू झाले. हुडकेश्वर शहराच्या या टोकाला, वाडी त्या टोकाला. स्कूटीवर दुपट्टा बांधून जायला पाऊण तास, ट्रकांच्या मागे अडकलं तर एक तास. टँकर आला म्हणून मधेच घरी पळणं शक्यच नव्हतं. पहिला आठवडा माझं अर्धं लक्ष ड्रमांकडे होतं. सासूबाई गेल्या तशी काकूंची रिंगही बंद झाली, असं मी धरून चालले होते. सकाळी निघताना मी सासऱ्यांना बजावायचे, बाबा, कान उघडा ठेवा, हॉर्न ऐका. ते मान हलवायचे. आणि काय आश्चर्य, संध्याकाळी येऊन पाहावं तर दोन्ही ड्रम काठोकाठ. कूलर भरलेला. मी मनात म्हटलं, आता घ्या, म्हाताऱ्याला ऐकू येतं म्हणजे. आजवर बायकोचं बोलणं टाळायलाच बहिरेपण होतं वाटतं. हसले आणि सोडून दिलं. जे सुरळीत चाललंय त्यात बोट घालू नये, एवढी अक्कल मला संसाराने दिली होती.

ऑफिसात मात्र काहीच सुरळीत नव्हतं.

मला काम शिकवायला जो सर नेमला होता तो सत्तावीस वर्षांचा. मी त्याला 'सर' म्हणायचे, तो मला 'मॅडम' म्हणायचा, आणि दोघांनाही ते टोचायचं. हुशार होता, यात वाद नाही. पण शिकवणं हा वेगळा प्रकार असतो. मी पोरांना गणित शिकवलं आहे, मला कळतं. त्याला वाटायचं, तीच गोष्ट जास्त जोरात सांगितली की समजते.

"मॅडम, सिंपल आहे ना. इव्हेंट म्हणजे काहीतरी घडलं. डेलिगेट म्हणजे मेथडचा पॉइंटर. टाइप सेफ. तुम्ही इव्हेंटला सबस्क्राइब करता, तो रेज झाला की तुमचा हँडलर चालतो. बस."

यातला 'बस' सोडून मला काही कळलं नाही. मी म्हटलं, मग सरळ ती मेथडच, म्हणजे कामाचा तो कोडच, का बोलवायची नाही? हा मधला दलाल कशाला? तो म्हणाला, "लूज कपलिंग." मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "म्हणजे टाइट नाही." आणि चहा प्यायला खाली गेला.

मी व्हिडिओ पाहिले. एकात वर्तमानपत्राचं उदाहरण, दुसऱ्यात फायर अलार्मचं, तिसऱ्यात एक बाई केक ओव्हनमध्ये ठेवते आणि घंटी वाजते. तिन्ही पाहताना वाटायचं, हो, कळलं. आणि स्क्रीनसमोर बसलं की परत कोरी पाटी. केक समजतो हो. केक समजला म्हणून कोड लिहिता येत नाही. मी रविवारी दुपारी वहीत हाताने लिहून पाहिलं, बाण काढले, चौकोन काढले. मुलगी डोकावून म्हणाली, "आई, हे काय फॅमिली ट्री काढून राहिली?" मी तिच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं, पण खेकसले हे खरं.

शेवटी मी तेच केलं जे न कळणारा प्रत्येक जण करतो. नक्कल केली. सराच्या कोडमध्ये जिथे तो इव्हेंटपुढे अधिक-बरोबरचं चिन्ह टाकून आपल्या खिडकीचं नाव लावायचा, तिथे मीही लावलं. चाललं. का चाललं ते विचारू नका. चाललं म्हणून मला पाटीलकी मिळाल्यासारखं झालं होतं.

माझ्या वाट्याला जे काम होतं ते असं. गेटवरचा क्लर्क गाडीचा नंबर टाकतो. तो टाकला की प्रोग्रामात 'गाडी आली' हा इव्हेंट होतो. आत फलाटावर जो सुपरवायझर बसतो त्याच्या कॉम्प्युटरवर माझी खिडकी, म्हणजे स्क्रीनवर उघडणारी विंडो. इव्हेंट झाला की माझ्या खिडकीने फलाटावरच्या भोंग्यातून सांगायचं, अमुक नंबरची गाडी, फलाट तीन. हमाल ऐकून तिकडे जातात. ऑफिसात मी शंभर वेळा चालवून पाहिलं. नंबर टाकला की एकदा बोलायचं. छान. एप्रिलच्या मध्यावर ते खालच्याच गोडाऊनमध्ये लावलं, आणि चौथ्या दिवशी सुपरवायझर जिना चढून वर आला.

पन्नाशीचा माणूस, खांद्यावर दुपट्टा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. म्हणाला, "मॅडम, तो भोंगा सकाळी ठीक बोलते जी. दुपारपर्यंत त्याले काय होते? एका गाडीले अकरा अकरा डाव बोंबलते. माझे हमाल अकरा गाड्या समजून पळाले."

सगळं ऑफिस हसलं. मी पण हसल्यासारखं केलं. खाली जाऊन पाहिलं तर भोंगा खरंच एकाच ट्रकचा नंबर लागोपाठ घोकत होता. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एकदाच बोलला. मी म्हटलं, झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच, या वेळी चौदा वेळा.

वर माझ्या मशीनवर काही केल्या होईना. दिवसभर खिडकी उघडी ठेवून मी नंबर टाकत बसायचे. एकदाच बोलायचं. खाली गेलं की चौदा. मी रडकुंडीला आले. सर म्हणाला, "मॅडम, तुमच्याच खिडकीत लफडा आहे, तुम्हीच शोधा, नाहीतर शिकणार कशा?" आणि हे म्हणताना तो मालकांच्या केबिनकडे पाहायचा, ते मला दिसायचं. मे लागला. मालक एकदा सहज म्हणाले, "मॅडम, तो भोंगा महिनाअखेरच्या आत गप्प करा, म्हणजे आपल्याला निर्णय घ्यायला सोपं." निर्णय म्हणजे काय, ते फोडून सांगायची गरज नव्हती.

मग मी एक दिवस डबा घेऊन खालीच बसले, सुपरवायझरच्या शेजारी, तो काय करतो ते पाहत. घोडं कुठे पेंड खातंय ते त्याशिवाय कळणार नव्हतं. गाडी आली, भोंगा बोलला, माल उतरला. सुपरवायझरने माझी खिडकी बंद केली. पुढची गाडी यायची वेळ झाली, त्याने खिडकी परत उघडली.

मी विचारलं, "काका, मधे मधे बंद काहून करता?"

तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी त्याला दार उघडं टाकून झोपायला सांगितलं. "काम झालं की शटर खाली, मॅडम. तीस वर्षांची सवय आहे. गोडाऊनचं शटर असो, नाही तर हे. उघडं ठेवून उठलो तर जीव लागत नाही माझा."

एवढं कळलं की तो जितक्या वेळा खिडकी उघडतो-मिटतो तितक्या वेळा भोंगा जास्त बोलतो. पण का? बंद केलेली खिडकी बोलते कशी? बंद म्हणजे बंद. गेली. मी चार दिवस त्या भिंतीवर डोकं आपटलं. सराला विचारणार नव्हते. मेले असते पण त्याला विचारलं नसतं.

मेच्या तिसऱ्या रविवारी मी काकूंची कैरीच्या पन्ह्याची बाटली परत करायला कोपऱ्यावर गेले. काकू कुकर लावत होत्या. मी फ्रिजला टेकून उभी राहिले आणि माझी नजर त्या कॅलेंडरवर गेली. वरून चौथा नंबर, पुढे लिहिलेलं, 'मास्तर, भाड्याचे.'

"काकू, हे मास्तर तर दोन वर्षांपूर्वीच यवतमाळला गेले ना?"

"गेले ना केव्हाचे."

"मग त्यांचा नंबर?"

"मी देऊनच राहिली मिस कॉल. त्यांनी जाताना सांगितलंच नाही, बंद करा म्हणून. यादीत हाय तर वाजवायचा. मले काय माहीत कोण राहते, कोण गेलं."

मी तशीच उभी राहिले. कुकरची शिट्टी झाली तरी हलले नाही. बाई गं. घर खाली करून गेलेला माणूस, आणि त्याची रिंग चालूच. कारण घर सोडणं वेगळं आणि यादीतून नाव काढणं वेगळं. खिडकी मिटली म्हणजे ती फक्त डोळ्यांपुढून गेली. तिने उघडताना जे नाव लावलं होतं ते मी कधी काढलंच नव्हतं. सुपरवायझर उघडायचा, नवं नाव लागायचं. मिटायचा, जुनं तसंच. दुपारपर्यंत तेरा मिटलेल्या आणि एक उघडी अशा चौदा खिडक्या यादीत उभ्या, आणि गाडी आली की चौदाही जणी आपापली हाळी देणार. मी मात्र ऑफिसात एकच खिडकी दिवसभर उघडी टाकून बसायचे, मला कुठून दिसणार!

आणि मग बाकीचंही आपोआप जुळलं, ज्यासाठी मी अडीच महिने केक आणि फायर अलार्म पाहत होते. टँकरवाल्याला गल्लीतल्या कोणाचं नाव माहीत नसतं, तो फक्त आल्याचं कळवतो. हा इव्हेंट. ज्याला खबर हवी त्याने स्वतः येऊन नंबर द्यायचा. तो नंबर दहा आकडीच हवा, लँडलाइन चालणार नाही, हा काकूंचा ठरलेला नमुना. त्या नमुन्यात बसलं की पुढे तुम्ही काय कराल ते तुमचं. हा डेलिगेट. एवढंच होतं हो ते. सात वर्षं माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर टांगलेलं होतं आणि मी वाडीला जाऊन डोकं फोडत होते. मला आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला. सगळ्यांचाच. केकवाल्या बाईचा सुद्धा.

त्याच झटक्यात मला यादीत सातवा नंबर दिसला. सासूबाईंचा.

"काकू, यांनाही अजून देता?"

"देतो ना. दोन रिंग. बाकीच्यांसारख्याच."

अडीच महिने अमरावतीला, दिरांच्या घरी, दिवसाआड एक रिंग वाजते आणि विझते. मला ते एकदम फालतू वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, काढून टाकायला मिळतंय याचं थोडं बरंही वाटलं. "किती दिवस चालते" म्हणाल्या होत्या ना. घ्या, चालतंय. मी म्हटलं, "काकू, तो काढा आणि माझा लिहा. मी ऑफिसातून बाबांना फोन करीन."

"त्यांना विचारलं काय?"

"त्या आता तिकडंच असतात, काकू."

काकूंनी पेन शोधलं, नंबरावर आडवी रेघ मारली आणि शेजारी माझा लिहिला. मी घरी येताना जवळपास गुणगुणत होते.

सोमवारी सकाळी मी एक ओळ लिहिली. खिडकी मिटताना वजा-बरोबर. नाव काढ. संपलं. महिन्याभराची कटकट आणि औषध एका ओळीचं. सराने कोड पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, ते मी पण विसरतो कधी कधी." त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

मंगळवारी मालकांनी खाली दाखवायला सांगितलं. सगळ्यांचे मोबाइल वर टेबलावर, सायलेंटवर. सुपरवायझरने खिडकी उघडली, मिटली, उघडली, मिटली. मालकांनी मुद्दाम दहा वेळा करायला लावलं. मग गेटवर एक गाडी लागली, क्लर्कने नंबर टाकला. भोंगा एकदा बोलला आणि गप्प झाला. आम्ही सगळे दुसऱ्यांदा बोलण्याची वाट पाहत उभे होतो. नाही बोलला. सुपरवायझर म्हणाला, "आता माणसासारखं झालं जी." मालक तिथेच म्हणाले, "एक तारखेपासून पक्क्या, मॅडम. पण उद्या वेळेवर या, नवीन काम द्यायचं आहे."

वर येऊन मी मोबाइल घेतला, नवऱ्याला कळवलं, मुलीला कळवलं. स्क्रीनवर आणखीही काही होतं, पण मी तेव्हा पाहिलं नाही. घरी जाताना अर्धा किलो पेढे घेतले.

फाटक उघडलं तर ड्रमांची झाकणं लावलेली. मी सहज एकाला टिचकी मारली. रिकामा. दुसराही रिकामा. आत सासरे ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले होते. कूलर नुसता वारा फेकत होता, गरम. मी मोबाइल काढून पाहिला. अकरा चाळीसला काकूंचा मिस कॉल. त्या वेळी मी खाली भोंग्याकडे तोंड करून उभी होते.

टँकर आता गुरुवारी. उद्या घरी थांबून कुठून तरी पाणी मिळवायचं म्हणजे सुट्टी, आणि आजच तर पक्की झाले होते.

मी जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, "बाबा, टँकर आला होता. तुम्हाला हॉर्न ऐकू नाही आला?"

"हॉर्न मले कधी ऐकू येते?" ते शांतपणे म्हणाले. "आज फोनच नाही आला."

"कोणाचा फोन?"

"तिचा."

मी बसले. ते सांगू लागले. काकूंची रिंग अमरावतीला वाजायची. मग तिथून सासूबाई बाबांना फोन लावायच्या. मोबाइल यांच्या शर्टाच्या खिशात. ऐकू नाही आलं तरी छातीशी थरथरतं. ते थरथरलं की हे उठायचे, झाकणं उघडायचे, फाटकाशी जाऊन उभे राहायचे. पहिल्या दिवसापासून. एकही टँकर चुकला नव्हता.

"मले काहून नाही सांगितलं, बाबा?"

"ती म्हणे, तिले सांगाल तर माझ्याशी बोलू नका." मग ते म्हणाले, "मले तिच्याशी बोलायचं राहते ना."

मला त्या क्षणी कोणाचा राग येत होता ते सांगता येत नाही. सासूबाईंचा, बाबांचा, माझा. बहुतेक माझाच. अडीच महिने एकही सुट्टी न घेता जी नोकरी मी माझ्या हिमतीवर टिकवली म्हणून मिरवत होते, ती दीडशे किलोमीटरवरून कोणीतरी ड्रम भरून टिकवली होती. आणि ते नाव मी स्वतः उभं राहून कापायला लावलं.

तेवढ्यात माझाच मोबाइल वाजला. सासूबाई. मला त्यांनी अडीच महिन्यांत एकदाही फोन केला नव्हता.

"काय वं, आज टँकर आला नाही काय तिकडे?"

"आला होता, आई."

"मंग काकूनं वाजवलं काहून नाही? मी सकाळपासून फोन घेऊन बसली आहो. आंघोळीले गेली तं पोरापाशी देऊन गेली. म्हटलं काकूची तब्येत बिघडली काय."

"मी तुमचा नंबर काढायला सांगितला होता. रविवारी." "मला माहीत नव्हतं, आई."

पलीकडे दिरांच्या घरचा टीव्ही ऐकू येत होता.

"काढला तं काढला," त्या म्हणाल्या. आवाज रुसलेलाच. "पक्की झाली काय नोकरी?"

"झाली. आजच."

"हं. मंग उद्या सुट्टी घेत बसू नको. समोरच्याकडून चार घागरी माग, माझं नाव सांग. कूलर बंद ठेव, यांना समोरच्या खोलीत झोपव, तिकडे वारा येते. ठेवते."

आणि ठेवला.

मी पेढ्यांचा पुडा तसाच हातात घेऊन कोपऱ्यावर गेले. काकू अंगणात पाणी शिंपडत होत्या. त्यांच्याकडे पाणी होतं. मी म्हटलं, काकू, आईंचा नंबर परत लिहायचा आहे.

"त्या परत आल्या काय?"

"नाही. तिकडेच आहेत."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग बाबाजींचाच लिहून घेतो ना. सरळ त्यांनाच वाजवीन. अमरावतीले कशाले फिरवायचं?"

बरोबर होतं त्यांचं. सरळ, सोपं, मधे कोणी नाही. ऑफिसात मी तसंच केलं असतं, आणि सराने मान हलवली असती.

"नाही काकू," मी म्हटलं, "आईंचाच लिहा."

"एका घरचा एकच राहते. मंग तुझा?"

"माझा काढा."

काकूंनी हात पुसले, आत जाऊन पेन आणलं आणि माझ्या नंबरावर रेघ मारली.